इंडोनेशियाचं मनोरंजन विश्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियाची गाणी, चित्रपट आणि मालिका यांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न, पुढे अडचणीचे. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी आला असेल तर उत्तर एकाच जागी दिलं आहे आणि दुसरीकडे प्रश्नाचा क्रमांक.

१. इंडोनेशिया म्हटलं की बाली, मंदिरं आणि पारंपरिक नाच आठवतात. तिथली पॉप संस्कृती म्हणजे तेच का?

नाही. देशाची लोकसंख्या २८ कोटींच्या घरात आहे आणि बालीची पन्नास लाखांच्याही आत. तिथली माणसं संध्याकाळी जे पाहतात आणि ऐकतात ते बहुतांशी जावा बेटावर घडतं. टीव्ही वाहिन्या आणि चित्रपट कंपन्या जाकार्तात आहेत. रॉक आणि इंडी बँड बांडुंगमधून येतात, डांगडुत या लोकप्रिय संगीताचे (प्रश्न ३) मोठे ऑर्केस्ट्रा पूर्व जावातून. बालीचं नृत्य पाहून इंडोनेशिया कळला असं समजणं म्हणजे लावणीचा एक फड पाहून मराठी टीव्हीबद्दल मत बनवण्यासारखं आहे.

२. मग हे सगळं वाढलं कधी? एकदम आत्ताच कानावर का येऊ लागलं?

बाहेरच्यांच्या कानावर आत्ता येतंय, घरात जुनंच आहे. सरकारी दूरदर्शन टीव्हीआरआय २४ ऑगस्ट १९६२ ला सुरू झालं, जाकार्तातल्या आशियाई खेळांचं निमित्त साधून. १९८१ मध्ये त्यावरच्या जाहिराती बंद करण्यात आल्या. १९८९ मध्ये आरसीटीआय ही पहिली खासगी वाहिनी आली आणि पुढच्या सहा वर्षांत आणखी चार वाहिन्या उभ्या राहिल्या. पैसा आणि लेखक तिकडे वळले, त्यात हॉलिवूडची आयात आणि १९९७-९८ चं आर्थिक संकट. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले त्या सुमारास वर्षाला तयार होणारे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

तिथून परतीची वाट सुरू झाली. २००० मध्ये एक लहान मुलांचा संगीतपट आणि २००२ मध्ये शाळकरी मुलींच्या मैत्रीची गोष्ट, या दोन चित्रपटांनी तरुणांना थिएटरकडे परत आणलं. २००९ च्या चित्रपट कायद्याने पडद्यावरच्या वेळेपैकी ६० टक्के वाटा देशी चित्रपटांना द्यावा असं म्हटलं, पण पुरेसे चांगले चित्रपटच नसल्यामुळे ते बराच काळ कागदावर राहिलं. खरा फरक २०१६ मध्ये पडला. थिएटरचा धंदा परदेशी गुंतवणुकीला खुला झाला, साखळ्यांमध्ये स्पर्धा आली आणि छोट्या शहरांतही पडदे लागू लागले. महासाथीनंतर, २०२२ पासून, तिकीटबारीवरच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्दीला देशी चित्रपट हवे असतात. कायद्याला जमलं नाही ते भुतांना जमलं (प्रश्न ८ पाहा).

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्जनशील उद्योगांसाठी स्वतंत्र मंत्रालय झालं. त्याच्या यादीत सिनेमा, संगीत आणि गेमबरोबर खाद्यपदार्थ, फॅशन आणि वास्तुरचना धरून १७ क्षेत्रं आहेत. म्हणून ‘सर्जनशील अर्थव्यवस्था इतकी मोठी’ असा सरकारी आकडा दिसला, की तो सिनेमा-संगीताचा आहे असं धरू नका. त्यात नाश्त्याच्या टपऱ्याही असतात.

३. डांगडुत म्हणजे काय? आणि त्यात तबला खरंच आपला आहे का?

डांगडुत हे इंडोनेशियाचं सर्वांत मोठं लोकप्रिय संगीत. नाव तालवाद्याच्या बोलावरून पडलंय, जसं आपण ‘धिनाधिना’ म्हणतो तसं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरी रॉकप्रेमी या संगीताला हिणवण्यासाठी हा शब्द वापरत. गाणाऱ्यांनी तोच उचलून मिरवला.

त्याआधी या प्रकाराला ऑर्केस मलायू, म्हणजे मलय वाद्यवृंद, म्हणत. त्यात अरबी सूर होते, पाश्चात्त्य वाद्यं होती आणि १९५० च्या दशकापासून मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांची भक्कम छाप होती. गायिका एल्या खदाम यांचं त्या काळचं गाजलेलं गाणं ‘भारतातली बाहुली’ या अर्थाच्या नावाचंच होतं. तबल्याची जागा तिथे गेंडांग नावाच्या जोडवाद्याने घेतली: एक लहान, एक मोठं, दोन्हींना एकाच बाजूला कातडं. अंग काँगा या ढोलासारखं, पण हात तबल्याचा. मोठ्यावर तळवा दाबून सूर वर सरकवतात, आपण डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढतो तसा. तोच ‘डुत’.

ठेका ओळखायचा असेल तर चार मोजत राहा. चौथ्या मात्रेवर ‘डांग’ येतो आणि लगेच पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ‘डुत’. नवख्यांची चूक अशी होते, की ते ‘डांग-डुत’ या क्रमाने एक-दोन मोजतात आणि मग गाणं सारखं घसरल्यासारखं वाटतं. चार-एक मोजा, बसेल.

या संगीताला आजचा चेहरा दिला रोमा इरामा यांनी. पश्चिम जावात तासिकमालाया इथे १९४६ मध्ये त्यांचा जन्म झाला. सोनेता हा त्यांचा वाद्यवृंद १९७० चा. रॉकची इलेक्ट्रिक गिटार, बांबूची बासरी, गेंडांग आणि वर इस्लामी उपदेशाचे शब्द असं मिश्रण त्यांनी स्टेडियममध्ये नेलं. १९७७ च्या निवडणुकीत ते विरोधी इस्लामी पक्षाच्या प्रचारात उतरले आणि सरकारी दूरदर्शनचे दरवाजे त्यांना अनेक वर्षं बंद झाले. ‘डांगडुतचा राजा’ ही पदवी मात्र कोणी काढून घेऊ शकलं नाही. तिथे शब्द ‘राजा’ हाच आहे.

४. यूट्यूबवर ‘कोप्लो’ लिहिलेली गाणी वेगळी वाटतात. आणि गटाच्या नावाआधी ‘ओएम’ का असतं? तो ॐ आहे का?

ॐ नाही. ओएम म्हणजे ऑर्केस मलायू, जुन्या नावाचा उरलेला तुकडा (प्रश्न ३).

कोप्लो हा पूर्व जावातला वेगवान डांगडुत. नाव एका स्वस्त नशेच्या गोळीवरून आलं असं तिथे सांगतात. फरक तालवाद्यात आहे: गेंडांगबरोबर पश्चिम जावातल्या सुंदा लोकांच्या जायपोंगान नृत्यातल्या ढोलाची फटकेबाज पद्धत येते, लय दुप्पट होते आणि दोन कडव्यांमध्ये वादक सुटतो. लग्न, सुंता, गावजत्रा अशा कार्यक्रमांची चित्रफीत काढून व्हीसीडीवर विकायची, हा त्याचा धंदा. २००३ मध्ये अशाच फेरीवाल्यांच्या व्हीसीडींमधून इनुल दारातिस्ता ही गायिका देशभर पोहोचली. कंबर गिरमिटासारखी फिरवण्याच्या तिच्या नाचावरून वादळ उठलं, रोमा इरामा यांनी उघड विरोध केला आणि वाद थेट अश्लीलताविरोधी कायद्याच्या चर्चेपर्यंत गेला. तो कायदा २००८ मध्ये झाला. इनुल आजही टीव्हीवर आहेत.

शोधताना एक अडचण नेहमी येते: एकाच गाण्याच्या वीस कोप्लो आवृत्त्या सापडतात आणि मूळ कुठलं ते कळत नाही. नावाखाली ‘चिप्त.’ असं काही दिसतं का पाहा. ते ‘चिप्ताआन’चं संक्षिप्त रूप, म्हणजे रचनाकाराचं नाव. त्या नावाने पुन्हा शोधलं की मूळ गाणं सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

५. हिंदी चित्रपटांचं वेड तिथे अजून आहे का?

आहे, आणि आता ते टीव्हीवर जास्त आहे. २०११ मध्ये गोरोंतालोमधल्या एका पोलिसाने ड्युटीवर बसल्या बसल्या ‘छैंया छैंया’वर ओठ हलवून केलेली चित्रफीत देशभर गाजली. २०१४ मध्ये एएनटीव्हीने स्टार प्लसवरचं ‘महाभारत’ दाखवलं तेव्हा अर्जुन झालेले शाहीर शेख तिथे इतके लोकप्रिय झाले, की त्यांना इंडोनेशियात काम मिळू लागलं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रबोवो प्रजासत्ताक दिनासाठी दिल्लीला आले, तेव्हा राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत त्यांच्या शिष्टमंडळाने ‘कुछ कुछ होता है’ गायलं. मंत्र्यांना पाठ होतं.

मराठी सिनेमा तिथे पोहोचलेला नाही.

६. ‘सिनेत्रॉन’ म्हणजे आपली डेली सोपच ना?

जवळजवळ. ‘सिनेमा इलेक्ट्रॉनिक’ या दोन शब्दांचं ते जोडकाम. सुरुवातीला आठवड्याला एक भाग असे. २००० च्या दशकात रोजचं प्रक्षेपण रूढ झालं, ज्याला तिथे ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात. मग आली ‘केजार तायांग’ ही पद्धत: प्रक्षेपणाचा पाठलाग. सकाळी पटकथा, दुपारी चित्रीकरण, संध्याकाळी संकलन, रात्री पडद्यावर. एखाद्या मालिकेत स्मृती गेलेली नायिका, अचानक उगवलेली जुळी बहीण आणि इस्पितळातली पलंगाशेजारची दृश्यं लागोपाठ आली, की लेखकाची कल्पनाशक्ती आटली असं समजू नका. इस्पितळाचा सेट तयार असतो आणि नट आडवा असला की कमी हालचालीत जास्त मिनिटं भरतात. हज यात्रेला जाणाऱ्या पेजविक्याची एक मालिका २०१२ ते २०१७ या काळात दोन हजारांहून जास्त भाग चालली.

आपल्या मालिकांची आठवण येण्यामागे आणखी एक कारण आहे. या उद्योगातले काही मोठे निर्माते भारतीय वंशाचे इंडोनेशियन आहेत. सुराबायात जन्मलेले राम पंजाबी यांची मल्टिव्हिजन प्लस ही कंपनी १९९० च्या दशकात सिनेत्रॉनचा कारखानाच होती. मनोज पंजाबी यांची एमडी पिक्चर्स पुढे मालिकांवरून चित्रपटांत गेली आणि देशातल्या सर्वांत जास्त चाललेल्या चित्रपटांपैकी एक तिचा आहे (प्रश्न ७).

रमजानमध्ये वेळापत्रक उलटं होतं हे ध्यानात ठेवा. पहाटे सहूरच्या (उपवासाआधीच्या जेवणाच्या) वेळी, म्हणजे तीनच्या सुमारास, थेट विनोदी कार्यक्रम असतात आणि जाहिरातदार त्या वेळेसाठी भांडतात.

७. तिथे चित्रपट ‘हिट’ झाला हे कसं ठरवतात? आकडे वाचताना गोंधळ होतो.

तिथे गल्ला मोजत नाहीत, डोकी मोजतात. पोस्टरवर किती तिकिटं विकली ते छापतात. दहा लाख प्रेक्षक ही पहिली पायरी. ती गाठली की निर्माता केक कापतो.

गोंधळ तीन कारणांनी होतो. पहिलं, ‘जुता’ म्हणजे दहा लाख, ‘मिलियार’ म्हणजे शंभर कोटी आणि ‘त्रिलियुन’ म्हणजे एक लाख कोटी. दुसरं, टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट वापरतात: ५०.००० म्हणजे पन्नास हजार, आणि ४,२ जुता म्हणजे बेचाळीस लाख. तिसरं, चलन. २०२५ मध्ये आपल्या एका रुपयाला साधारण १९० रुपिया पडत होते, म्हणजे पन्नास हजारांचं तिकीट आपल्या अडीचशे-पावणेतीनशेचं.

आता काही खुणेचे आकडे. २००८ मध्ये बेलितुंग बेटावरच्या गरीब शाळेची गोष्ट ४६ लाख लोकांनी पाहिली आणि तो विक्रम बरीच वर्षं टिकला. २०१७ मध्ये जोको अन्वर यांचा भयपट ‘पंगाब्दी सेतान’ ४२ लाखांवर गेला. २०२२ मध्ये ‘केकेएन दी देसा पनारी’ने आधी ९२ लाख गाठले आणि वाढीव आवृत्तीसह एक कोटी ओलांडले. २०२४ मध्ये चार विनोदवीरांचा ‘आगाक लाएन’ ९१ लाखांवर थांबला. ही मंडळी आधी त्याच नावाचं पॉडकास्ट करत. २०२५ च्या ईदला आलेला ‘जुम्बो’ हा ॲनिमेशनपट एक कोटीच्या पुढे गेला. त्यावर चारशेहून अधिक जणांनी पाच वर्षं काम केलं, आणि तो भयपट नाही. या एका चित्रपटाने निर्मात्यांची बरीच गृहीतकं मोडली.

एवढ्या मोठ्या देशात पडदे दोन हजारांच्या थोडे वर आहेत आणि तेही मुख्यतः मॉलमध्ये. म्हणून प्रदर्शनाची तारीख फार महत्त्वाची. रमजानच्या उपवासात थिएटरं ओस पडतात आणि ईदच्या सुट्टीत, ज्याला लेबारान म्हणतात, सगळं कुटुंब बाहेर पडतं. त्या आठवड्यातला पडदा मिळवण्यासाठी वर्षभर आधी रांग लागते.

८. इंडोनेशियात एवढे भयपट का बनतात?

पैशाचं कारण आधी सांगतो, कारण तेच पहिलं आहे. भयपटाला मोठा तारा लागत नाही. एक जुनं घर, एक विहीर, रात्रीचं चित्रीकरण, चांगला ध्वनिसंकलक, इतक्यावर निभावतं. विशीतला प्रेक्षक टोळीने येतो, एकट्याने येत नाही, म्हणजे एका गप्पेत सहा तिकिटं खपतात.

पण नुसत्या स्वस्ताईवर एक कोटी लोक येत नाहीत. भुतं ओळखीची आहेत. कुंतिलानाक ही बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली स्त्री, लांब केस आणि पांढरे कपडे. आपल्याकडची हडळ आठवेल. पोचोंग मात्र आपल्याकडे नाही. मुस्लीम दफनात प्रेत कफनात गुंडाळून डोक्याशी, मानेशी, पायाशी गाठी मारतात आणि कबरीत ठेवल्यावर त्या सोडतात. गाठ सोडायची राहिली तर मृतात्मा तसाच बांधलेला परत येतो, आणि पाय बांधलेले म्हणून उड्या मारत येतो. ऐकायला विनोदी वाटतं, अंधाऱ्या थिएटरमध्ये वाटत नाही.

या परंपरेची राणी सुझाना. १९८० च्या दशकात त्यांनी पाठीत भोक असलेल्या सुंदेल बोलोंगपासून समुद्राच्या राणीपर्यंत सगळ्या भूमिका केल्या. त्या काळच्या भयपटांचा शेवट ठरलेला असे: धर्मगुरू येणार, कुराणातली आयत म्हणणार, भूत जळणार. सुहार्तो काळातल्या सेन्सॉरला पाप हरलेलं आणि व्यवस्था परत आलेली पाहायची होती. २०१७ नंतरच्या लाटेत हीच खुंटी उपटली गेली. धर्मगुरू असतो, पण तो वाचवू शकेलच असं नाही. घराचं कर्ज, आजारी आई, दूर गेलेला बाप हे भुताइतकंच भीतीदायक असतं. जुनं आणि नवं ‘पंगाब्दी सेतान’ लागोपाठ पाहिलं, १९८० चं आणि २०१७ चं, तर देशात मधल्या काळात काय बदललं ते लेख न वाचता कळतं.

‘केकेएन’ म्हणजे काय, हेही बरेच विचारतात. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या टप्प्यात खेड्यात राहून करायचं सक्तीचं समाजकार्य. आपल्या एनएसएसच्या शिबिराचा लांबलेला भाऊ. शहरी मुलं, अनोळखी गाव, गावाचे नियम मोडणं: कथानक आयतं मिळतं. ती गोष्ट २०१९ मध्ये ट्विटरवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिली गेली आणि लोकांनी ती खरी मानून गावाचा शोधही घेतला. एक गंमत: याच तीन अक्षरांचा दुसरा प्रसिद्ध अर्थ ‘भ्रष्टाचार, संगनमत, वशिलेबाजी’ असा आहे, त्यामुळे बातमीत केकेएन दिसलं तर ती सिनेमाची असेलच असं नाही.

९. मला भयपट झेपत नाहीत. मग काय पाहू?

मारामारी चालत असेल तर २०११ चा ‘द रेड’. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स वेल्सचे, पण हातपाय इको उवाइस यांचे आणि विद्या पेंचाक सिलात. शांत काही हवं असेल तर नेटफ्लिक्सची २०२३ ची ‘गादिस क्रेतेक’: १९६० च्या दशकातला लवंगी सिगारेटचा कारखाना आणि मिश्रणाच्या खोलीत जायला बंदी असलेली मालकाची मुलगी. पाच भाग आहेत. हसायचं असेल तर प्रश्न ७ मधला ‘आगाक लाएन’, पण त्याची मजा बाताक लोकांच्या उच्चारात आहे आणि उपशीर्षकांत ती निम्मी गळते.

१०. महाभारत तर आपलं. तिथल्या कॉमिक आणि मालिकांत ते चुकीचं का दाखवतात?

चूक नाही, ती जावाची आवृत्ती आहे आणि तिला शेकडो वर्षं झाली. वायांग या छायानाट्यात द्रौपदीचा पती एकच, युधिष्ठिर. शिखंडी तिथे श्रीकांडी झाली: धनुर्धर स्त्री आणि अर्जुनाची पत्नी. या नावाचं वजन इतकं, की कर्तबगार खेळाडू महिलांना वर्तमानपत्रं सर्रास ‘श्रीकांडी’ म्हणतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये देशाला पहिलं पदक मिळालं ते महिलांच्या सांघिक तिरंदाजीत, मग दुसरं काय म्हणणार! सेमार आणि त्याची तीन मुलं हे विदूषक-सेवक तर व्यासांच्या महाभारतात नाहीतच. पण मध्यरात्रीनंतर दालांग, म्हणजे सूत्रधार, महागाईपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवतो ती त्यांच्याच तोंडून. सोंगाड्या काय करतो हे माहीत असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

छापील कॉमिकचे जनक आर. ए. कोसासिह. १९५० च्या दशकात त्यांनी ‘श्री असिह’ ही महानायिका काढली आणि पुढे महाभारत चित्रकथेत आणलं. १९६९ मध्ये हास्मी यांनी विजेचा पुत्र ‘गुंडाला’ निर्माण केला. या जुन्या नायकांचे हक्क गोळा करून २०१९ पासून चित्रपटमालिका सुरू झाली. पहिला ‘गुंडाला’ बरा चालला. पुढची गाडी अडखळली.

११. कोरियासारखं जगभर का पोहोचत नाही?

कारण गरज पडली नाही. कोरियाची बाजारपेठ पाच कोटींची, बाहेर विकलं नाही तर धंदा बसत नाही. इथे घरातच २८ कोटी गिऱ्हाईक आहे आणि ते शब्दांवर, उच्चारांवर, गावच्या भुतांवर पैसे देतं. जी गोष्ट घरी चालवते तीच बाहेर अडवते. शिवाय कोरियन आणि जपानी नमुने इंडोनेशियाने आधी स्वतः भरपूर घेतले: जाकार्तात २०११ मध्ये उभा राहिलेला जेकेटी४८ हा मुलींचा पॉप गट म्हणजे जपानी एकेबी४८ चा परदेशातला पहिला भगिनी गट.

१२. रिच ब्रायन आणि निकी हे इंडोनेशियन संगीतात धरायचे का?

दोघेही जाकार्ताचे, दोघेही इंग्रजीत गातात आणि दोघांचं काम अमेरिकेतल्या ८८रायझिंग या कंपनीबरोबर वाढलं. ब्रायन इंग्रजी यूट्यूबवरून शिकला आणि २०१६ मध्ये एका रॅपने जगभर पोहोचला. त्यांना वगळू नका, पण त्यांच्यावरून घरचा बाजार ओळखू नका. सुराबायातल्या लग्नात ते वाजत नाहीत.

व्हॉइस ऑफ बाचेप्रोत यांचं उदाहरण जास्त बोलकं आहे. गारुतमधल्या मदरशात २०१४ मध्ये भेटलेल्या तीन हिजाबधारी मुली मेटल वाजवतात. बाचेप्रोत म्हणजे सुंदा भाषेत गोंगाट करणारी. २०२४ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड ठरला.

१३. इंडोनेशियन नावं शोधताना काहीच सापडत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा रोमन लिपीतलं अक्षर चुकतं. त्यांचं ‘सी’ हे कायम च असतं. १९७२ मध्ये लेखन बदललं: त्याआधी च ‘टीजे’ने आणि ज ‘डीजे’ने लिहीत. उ साठीचं ‘ओई’ त्याच्याही आधी, १९४७ मध्ये बदललं. म्हणून जुन्या गायकांची नावं दोन्ही पद्धतींनी शोधा. आडनाव ही रीत सगळीकडे नाही; अनेकांचं नाव एकच शब्द असतं आणि श्रेयनामावलीत पहिल्या नावानेच क्रम लागतो.

आपल्याला एक सोय आहे, शब्द निम्मे ओळखीचे निघतात. दिग्दर्शक म्हणजे ‘सुत्रादारा’. भाषा म्हणजे ‘बाहासा’. चित्रपट पुरस्कार ‘चित्रा’. आणि ‘चिंता’ म्हणजे प्रेम! संस्कृतातून गेला तो शब्द आणि तिथे त्याचं असं झालं. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना व्युत्पत्ती पटावी. तरुणांची भाषा मात्र शब्दकोशात मिळणार नाही. ‘बापेर’ (सगळं मनाला लावून घेणं), ‘मागेर’ (हलायचा कंटाळा), ‘बुचिन’ (प्रेमाचा गुलाम), ‘नोबार’ (एकत्र पाहणं) हे सगळे दोन शब्दांचे पहिले तुकडे जोडून केलेले आहेत. आणि ‘डब्ल्यूके’ ही अक्षरं सलग तीन-चार वेळा दिसली तर ते हसणं आहे.

१४. सेन्सॉर किती कडक आहे? प्रमाणपत्र मिळालं की प्रश्न मिटतो का?

चित्रपटांचं काम एलएसएफ हे मंडळ पाहतं. वर्ग चार: सर्वांसाठी, १३ वर्षांवरील, १७ वर्षांवरील, २१ वर्षांवरील. टीव्हीवर केपीआय या आयोगाची नजर असते.

प्रमाणपत्राने प्रश्न मिटतोच असं नाही. गारिन नुग्रोहो यांचा एका पारंपरिक पुरुष नर्तकाच्या आयुष्यावरचा चित्रपट २०१९ मध्ये मंडळाने पास केला, तरी काही स्थानिक प्रशासनांनी आपापल्या हद्दीत तो थांबवला. त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा चित्रा पुरस्कार मिळाला. संगीत कार्यक्रमांचा परवाना पोलिसांकडे असतो: २०१२ मध्ये लेडी गागाचा जाकार्तातला कार्यक्रम तिकिटं विकली गेल्यावर रद्द झाला. त्याआधीचा नमुना हवा असेल तर १९६५ मध्ये बीटल्सच्या वळणाची गाणी वाजवली म्हणून कोएस बंधूंना तीन महिने तुरुंगात बसावं लागलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो त्या संगीताला ‘ङाक-ङिक-ङोक’ म्हणत. सुटल्यावर तेच देशातले सर्वांत लाडके गायक ठरले.

१५. तिकडे फिरायला गेलो तर थिएटरात जावं का?

जरूर. एक्सएक्सआय साखळीसाठी एम-टिक्स आणि एकूण सगळ्यासाठी टिक्स आयडी ही ॲप चालतात. भारतीय कार्ड अडलं तर खिडकीवर तिकीट मिळतं. शनिवार-रविवारी दर चढतात. परदेशी चित्रपट सहसा मूळ भाषेत, इंडोनेशियन उपशीर्षकांसह असतात. देशी चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षकं आहेत का, ते खिडकीवर विचारूनच घ्या. मध्यंतर नसतं, चहाचा विचार आधी करा.

१६. सगळं जाकार्ताच्या भाषेत चालतं का? जावानीज गाणी ऐकणारे कमी असतील ना?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. दिदी केम्पोत आयुष्यभर जावानीजमध्ये गायले, विषय एकच: रेल्वे स्थानकावर, बंदरावर, बसतळावर सोडून गेलेली माणसं. २०१९ मध्ये त्यांच्या वयाच्या निम्म्याहून लहान मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि ‘भग्न हृदयांचा गॉडफादर’ म्हटलं. ५ मे २०२० ला ते गेले. त्यांचे चाहते सुरीनाममध्येही होते, कारण डच काळात मळ्यांवर नेलेल्या जावानीज मजुरांची नातवंडं तिथे आहेत. भोजपुरी गिरमिटियांच्या शेजारीच. १७ ऑगस्ट २०२२ ला इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी जाकार्तातल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या हिरवळीवर एका शाळकरी मुलाने जावानीज गाणं म्हटलं आणि मंत्री, सेनाधिकारी उठून नाचले.

१७. बोटीच्या टोकावर नाचणारा काळ्या चष्म्याचा मुलगा आणि ट्रकवरच्या ध्वनिभिंती, हेही यातच येतं का?

पहिली गोष्ट पाचू जालुर, रियाऊ प्रांतातल्या कुआंतान नदीवरची जुनी होड्यांची शर्यत. टोकावर उभं राहून नाचणारा पोरगा वल्हेकऱ्यांना आपली होडी पुढे असल्याची खूण देतो. २०२५ मध्ये गाजलेल्या चित्रफितीत जगाने फक्त त्याचे हात पाहिले.

दुसरीला ‘साउंड होरेग’ म्हणतात, पूर्व जावातली. ट्रकवर रचलेले कर्णे, मिरवणूक, खिडक्यांच्या काचा थरथरणं. गणपतीतल्या डीजेच्या भिंतींसमोरून गेलेल्याला वर्णन नको. जुलै २०२५ मध्ये पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने त्याविरुद्ध फतवा काढला आणि पुढच्या महिन्यात प्रांत सरकारने मर्यादा घातल्या: एका जागी उभ्या कार्यक्रमाला १२० डेसिबल, चालत्या मिरवणुकीला ८५. शाळा, इस्पितळ, प्रार्थनास्थळ आणि रुग्णवाहिका यांच्याजवळ आवाज बंद. गावोगावच्या मंडळांचं म्हणणं, ८५ मध्ये कोण नाचणार?